खेळणे आणि खेळविणे : हुमायूनचा गालिचा, मोक्षपट आणि आधुनिक भूमिकाखेळ

मराठीत 'खेळणे' या क्रियापदाला 'खेळविणे' असे प्रयोजक रूप आहे. मूल खेळते आणि आई त्याला खेळविते. भक्तिपर वाङ्मयात जीव खेळतो आणि देव त्याला खेळवितो. बुद्धिबळ किंवा पत्ते यांसारख्या खेळांच्या संदर्भात मात्र या रूपाला फारसे काम उरत नाही. दोघे जण पटाच्या दोन बाजूंना बसले आणि दोघांनाही नियम ठाऊक असले, की तिसऱ्याची गरज भासत नाही. याउलट काही खेळ असे आहेत, की त्यांत कोणीतरी खेळविणारा असल्याशिवाय खेळच उभा राहत नाही. इंग्रजीत 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखला जाणारा प्रकार हे अशा खेळांचे आजचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात त्याला 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे.

भूमिकाखेळाची रीत थोडक्यात अशी. चार-सहा मित्र एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण स्थळ, काळ आणि प्रसंग यांचे वर्णन करतो. उरलेल्यांनी प्रत्येकी एक पात्र आपलेसे केलेले असते, आणि त्या प्रसंगी आपले पात्र काय करील हे ते बोलून सांगतात. ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. पडलेल्या दानाचा अर्थ लावून खेळविणारा पुढची हकीकत सांगतो, ती ऐकून खेळणारे पुन्हा कृती ठरवितात, आणि कथा पुढे सरकते. ती एका बैठकीत संपतेच असे नाही. कित्येकदा महिनोन्‌महिने चालते. मेजावर पट असलाच पाहिजे असा नियम नाही, आणि सर्वांना मागे टाकून एकाने जिंकावे असा हेतूही सहसा नसतो.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने येथे एक मूलभूत प्रश्न निर्माण होतो : या प्रकारात 'कृती' नेमकी कोठे असते? नियमांचा ग्रंथ छापील असतो, पण त्यात कथा नसते. कथा मेजाभोवती घडते, परंतु ती लिहिलेली नसते आणि तशीच पुन्हा घडतही नाही. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरात मित्रमंडळी अनेक मातृभाषांची असतात. तेथे नियम इंग्रजी ग्रंथातून यावेत, संभाषण हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात चालावे आणि विनोद तिसऱ्याच भाषेतला असावा, हे सहज संभवते. अशा वेळी हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

भूमिकांचे खेळ ग्रंथांच्या आधारे टिकत नाहीत, ते खेळविणाऱ्यांच्या साखळीच्या आधारे टिकतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. ग्रंथ किंवा पट हा त्या साखळीचा एक अवशेष असतो. साखळी तुटली तर अवशेष उरतो आणि खेळ मुका होतो. त्यासाठी तीन उदाहरणे तपासली आहेत. पहिले सोळाव्या शतकातील मुघल दरबाराचे, दुसरे मराठी मोक्षपटाचे आणि तिसरे १९७४ साली छापील रूपात आलेल्या आधुनिक भूमिकाखेळाचे.

दरबारी गालिचा

इ. स. १५३३ मध्ये हुमायूनने दिल्लीत यमुनेकाठी 'दीनपनाह' या नगराची पायाभरणी केली. आजचा पुराना किल्ला तो हाच. हेरातहून हिंदुस्थानात आलेला इतिहासकार ख्वांदमीर त्या काळी हुमायूनच्या आश्रयास होता. दीनपनाहच्या स्थापनेची हकीकत त्याने आपल्या 'कानून-ए-हुमायूनी' या ग्रंथात दिली आहे. बादशहाने योजिलेल्या नवनव्या व्यवस्थांची आणि वस्तूंची वर्णने हाच या ग्रंथाचा मुख्य विषय असून, त्यांतच एका गालिच्याचे वर्णन येते. त्याचे नाव 'बिसात-ए-निशात', म्हणजे आनंदाचा गालिचा. पुढे अबुल फज़लनेही 'अकबरनाम्या'त त्याची नोंद घेतली. ख्वांदमीरच्या ग्रंथाचा बैनी प्रसाद यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९४० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला.

हा गालिचा गोल होता. त्यावर एकात एक वर्तुळे आखलेली होती आणि ती आकाशातील गोलांची व महाभूतांची प्रतीके होती. प्रत्येक ग्रहाच्या वर्तुळाला त्याचा रंग होता : शनीचे काळे, मंगळाचे तांबडे, सूर्याचे सोनेरी. दरबारी मंडळींनी कोणत्या वर्तुळात बसावे हे त्यांच्या दर्जावरून आणि कुळावरून ठरलेले असे. हिंदुस्थानी अमीर व शेख शनीच्या वर्तुळात बसत, सय्यद व विद्वान बृहस्पतीच्या. स्वतः बादशहाचे स्थान सूर्याच्या वर्तुळात असे. मग फासे टाकले जात. या फाशांच्या बाजूंवर माणसांच्या आकृती होत्या. कोणी उभा, कोणी बसलेला, कोणी पहुडलेला. ज्याच्या दानात जी आकृती पडेल त्याने आपल्या वर्तुळात तशीच स्थिती धारण करावयाची, असा नियम होता. उभी आकृती पडली तर उभे राहावे, आडवी पडली तर आडवे व्हावे. त्यातून हशा पिकत असे, आणि गालिच्याच्या नावातील 'निशात'चा अर्थ हाच आहे.

भूमिका, फासे आणि खेळविणारा हे तिन्ही घटक येथे उपस्थित आहेत. पण भूमिका निवडलेली नाही. ती नेमून दिलेली आहे. शनीच्या काळ्या वर्तुळात बसलेल्या अमिराला मंगळाच्या वर्तुळात जाण्याची मुभा नाही. फासा त्याच्या शरीराला हुकूम करतो, पण त्याला बोलण्याची किंवा काही ठरविण्याची संधी देत नाही. आणि खेळविणारा स्वतः बादशहा असल्यामुळे त्याने मांडलेल्या खेळाला नकार देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ग्रहगोलांची जी व्यवस्था दरबाराच्या दैनंदिन कारभारात हुमायूनने आणू पाहिली, तिचेच हे खेळकर रूप होते. वारांनुसार त्या त्या ग्रहाच्या रंगाची वस्त्रे धारण करण्याची त्याची पद्धतही याच विचारातून आलेली होती.

हुमायून १५५६ साली दिल्लीतच, आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून मरण पावला. त्याच्या मुलाचा दरबारही खेळांचा शौकीन होता. 'आईन-ए-अकबरी'तील खेळांच्या प्रकरणात चौपड, सोळा जणांनी खेळावयाचा चंदल मंडल आणि गंजिफा यांचे तपशीलवार वर्णन आहे. चौपडीच्या बैठकीत कधीकधी दोनशेहून अधिक लोक भाग घेत, सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कोणाला घरी जाऊ दिले जात नसे आणि हे डाव कित्येकदा तीन महिने चालत, असे अबुल फज़ल सांगतो. या खेळांच्या निमित्ताने बादशहा माणसांची पारख करतो, असेही त्याने म्हटले आहे. मात्र या प्रकरणात आनंदाच्या गालिच्याला स्थान नाही. चौपड आणि गंजिफा हे खेळ दरबाराबाहेरही खेळले जात होते. ते जाणणारे घरोघर होते. गालिचा खेळविणारा एकच होता. त्याच्यामागे त्या खेळाचे वर्णन तेवढे उरले.

येथे एका भाषिक तपशिलाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. 'बिसात' या शब्दाचा मूळ अर्थ अंथरलेली वस्तू. उर्दू-हिंदीत तो बुद्धिबळाच्या पटासाठीही रूढ आहे, आणि मराठीतील 'काय बिशाद' या प्रयोगातला 'बिशाद' हाही त्याच कुळातला. मराठी 'पट' या शब्दाचा मूळ अर्थही वस्त्र असाच आहे. दोन्ही भाषांत खेळाचे क्षेत्र म्हणजे आधी कोणीतरी अंथरावयाचे कापड. अंथरणाऱ्याचा उल्लेख शब्दात नाही, पण त्याची अपेक्षा शब्दातच आहे.

मोक्षपट : घरातील खेळविणारे

मराठी प्रदेशात ज्याला मोक्षपट म्हणतात तो खेळ उत्तरेत ज्ञान चौपड या नावाने ओळखला जातो. मोक्षपटाचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देणारी आख्यायिका महाराष्ट्रात लोकप्रिय आहे. तिला तेराव्या शतकातील पुरावा नाही; आज उपलब्ध असलेले बहुतेक पट अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली आणि पुन्हा २००६ साली लिहिलेल्या निबंधांनी या पटांच्या अभ्यासाचा पाया घातला. जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात पश्चिम भारतातील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पटांचा सविस्तर विचार झाला. पटांचे अनेक प्रकार आहेत. वैष्णव पटांत ७२ घरांचा पट विशेष रूढ आहे, जैन पटांत ८४ घरे आढळतात, तर सूफी पट १०० घरांचा असतो.

७२ घरांच्या पटाचा आरंभ जन्मापासून होतो. पहिल्याच ओळीत माया, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आणि काम ही घरे येतात. वर जाण्यासाठी शिड्या आहेत आणि खाली आणणारे साप आहेत. भक्तीच्या घरातून शिडी थेट अडुसष्टाव्या घरी, वैकुंठास, पोचते. अहंकाराच्या घरी साप आहे. वैकुंठ हे अंतिम घर असले तरी ते पटाच्या शेवटी नाही. दान जास्त पडले तर खेळणारा वैकुंठ ओलांडून पुढे जातो, आणि बहात्तराव्या घरी, तमोगुणाशी, असलेला साप त्याला पुन्हा पृथ्वीवर आणून सोडतो. ध्येयापेक्षा पुढे जाणे हेही पतनच, हा विचार येथे उपदेशाच्या वाक्यात आलेला नाही. तो घरांच्या रचनेत आहे.

मोक्षपटात भूमिका कोणती? प्रत्येक खेळणारा एकच भूमिका घेतो : जीवाची. दर्जा, कुळ, जात यांवरून येथे जागा ठरत नाही. सासू, सून, लहान मूल सगळ्यांचा आरंभ एकाच घरापासून होतो. हुमायूनच्या गालिच्याशी तुलना केली असता हा फरक फार मोठा आहे. मात्र खेळणाऱ्याला येथेही निवड नाही. कवड्या पडतील तसे जावयाचे. कर्मविपाकाच्या कल्पनेशी ते सुसंगतच आहे.

मग या खेळात निवेदन कोठून येते? पटावरील प्रत्येक घरात केवळ एक नाव असते. काही मराठी पटांवर खेळाच्या नियमांचा मजकूरही आढळतो. पण सातवे घर मदाचे आणि आठवे मत्सराचे, हे वाचता आले तरी मद आणि मत्सर यांतला भेद, अमुक घरी साप का आणि तमुक घरी शिडी का, हे नुसत्या नावावरून खेळणाऱ्या मुलाला उमगणार नाही. ते सांगणारे कोणीतरी जाणते माणूस पटाजवळ बसलेले असले पाहिजे, असे अनुमान पटाच्या रचनेवरूनच करता येते. कीर्तनकाराने अभंगाचा एक चरण घेऊन त्यावर निरूपण करावे, त्यासारखेच हे काम आहे. घराचे नाव हा चरण, पडलेले दान हा प्रसंग, आणि आजीने किंवा काकांनी सांगितलेली दोन वाक्ये हे निरूपण. पट जतन झाले; हे निरूपण लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण ते सांगणारी माणसे घरातच होती.

पटांच्या प्रती हातांनी केल्या जात. म्हणूनच कोणतेही दोन पट तंतोतंत सारखे नसतात. घरांची संख्या बदलते, नावे बदलतात, सापांची तोंडे वेगळ्या घरांत येतात. छापील ग्रंथाच्या सवयीने पाहिले तर हे पाठभेद म्हणजे प्रत करणाऱ्याच्या चुका वाटतील. पण प्रत करणारा हाच पुढे तो पट खेळविणार असेल, तर त्याने केलेला बदल हा निरूपणाचा भाग ठरतो. ज्या घराबद्दल त्याला सांगण्यासारखे अधिक होते, तेथे त्याने शिडी लांबविली असणे शक्य आहे.

१८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये व्यापारी स्वरूपात आला. प्रारंभीच्या इंग्रजी पटांवर सद्गुण आणि दुर्गुण यांची चित्रे होती, पुढे तीही गेली. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ साली काढलेल्या आवृत्तीत सापांऐवजी घसरगुंड्या आल्या. आज महाराष्ट्रातील घराघरांत जी सापशिडी असते ती या परत आलेल्या रूपाचीच आहे : शंभर घरे, नुसते आकडे. आकड्यांवर निरूपण करता येत नाही, त्यामुळे ती खेळविण्यासाठी कोणाची आवश्यकताही उरली नाही. खेळ अधिक पसरला आणि त्यातील जाणत्या माणसाची जागा नाहीशी झाली.

सावंतवाडीच्या गंजिफ्याची कथा याला समांतर आहे. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. डाव दिवसा असेल तर रामाचे आणि रात्री असेल तर कृष्णाचे पान प्रमुख, अशा नियमांतून पौराणिक कथा थेट खेळाच्या गतीत उतरते. लोप पावत चाललेली ही चित्रकला १९७० च्या दशकापासून सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांच्या प्रयत्नांनी सावरली गेली. पाने वाचली ही मोठीच गोष्ट झाली. पण आज ती बहुधा कलावस्तू म्हणून विकत घेतली जातात, डाव मांडण्यासाठी नव्हे.

मेजाभोवतीचे मित्र

आधुनिक भूमिकाखेळाचा वंशवृक्ष बुद्धिबळापर्यंत मागे नेता येतो. भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या या खेळाचा विस्तार करून १७८० मध्ये जर्मनीतील हेल्विगने युद्धखेळ रचला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झने नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि दोन पक्षांमध्ये एक पंच बसविला. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ याने सुचविले, की नियमांचे ओझे कमी करून निर्णय पंचाच्या अनुभवावरच सोपवावा. खेळविणारा येथे प्रथमच नियमांच्या वर बसला.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९६९ सालचा आणि तो सैन्यातला नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने आपल्या युद्धखेळप्रेमी मित्रांसाठी 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ योजिला. सैन्यांच्या सेनापतींबरोबरच गावातील निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका त्याने मित्रांना वाटून दिल्या आणि प्रत्येकाला वेगळा हेतू दिला. मित्र आपापसांत कट करू लागले, बाजूला जाऊन कुजबुजू लागले, आणि युद्ध सुरू होण्यापूर्वीच सारा डाव विस्कळीत झाला. वेस्लीला आपला प्रयोग फसला असे वाटले. मित्रांनी मात्र असाच खेळ पुन्हा खेळविण्याचा आग्रह धरला. त्या मित्रांपैकी डेव्ह आर्नेसन याने १९७१ पासून 'ब्लॅकमूर' हा आपला स्वतंत्र खेळ सुरू केला. खेळलेला माणूस खेळविणारा झाला. १९७२ च्या अखेरीस आर्नेसनने विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे जाऊन गॅरी गायगॅक्सला ब्लॅकमूर खेळविला. गायगॅक्सने तो अनुभव आणि आर्नेसनची टिपणे यांच्या आधारे नियम लिहिले, आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे तीन पुस्तिकांचे खोके प्रसिद्ध झाले. पहिल्या मुद्रणाच्या प्रती एक हजार होत्या.

या तीन पुस्तिका साहित्याभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. शीर्षकाखाली त्यांनी स्वतःची ओळख युद्धखेळाचे नियम अशीच दिली होती. 'रोल-प्लेइंग' हे नाव तेथे नाही. खेळविणारा आणि खेळणारे यांच्यात प्रत्यक्ष काय घडते हे नवख्या वाचकाला त्यांतून नीट समजत नसे. ज्याने हा खेळ दुसऱ्याच्या मेजावर अनुभवला होता त्याला पुस्तिका पुरेशा वाटत. इतरांना त्या अपुऱ्या वाटत. अॅरिझोनातील केन सेंट अँड्रे याने १९७५ साली त्या मित्राच्या घरी वाचल्या. त्या त्याला पटल्या नाहीत, आणि त्याने स्वतःचाच 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा खेळ लिहिला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी सुरू केलेल्या 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' या हौशी नियतकालिकात निरनिराळ्या गावांतील खेळविणारे आपापले नियम एकमेकांना कळवू लागले. मोक्षपटाच्या हस्तलिखित प्रतींत जे पाठभेद दिसतात त्यांचेच हे चक्रमुद्रित रूप होय. समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी १९८३ च्या आपल्या अभ्यासग्रंथात या मंडळांकडे एक स्वतंत्र संस्कृती म्हणून पाहिले.

येथे भूमिका ना नेमलेली आहे, ना सर्वांना समान. ती निवडलेली आहे, आणि खेळणाऱ्याचे बोलणे हीच त्याची चाल आहे. परिणामी खेळविणाऱ्याचे कामही बदलते. हुमायूनप्रमाणे त्याने हुकूम करून चालत नाही आणि मोक्षपटाच्या जाणत्याप्रमाणे ठरलेला अर्थ सांगूनही भागत नाही. मित्र काय बोलतील हे त्याला आधी ठाऊक नसते. जे ते बोलतील त्याला कथेत जागा करून देणे हे त्याचे कौशल्य.

शिफारशीचे स्वरूपही यावरून समजून घेता येते. मित्राला कादंबरी सुचविली की सुचविणाऱ्याचे काम संपते; मित्र ती एकटा वाचतो. भूमिकाखेळ सुचविणे हे मात्र निम्मे आमंत्रण असते. 'हा खेळ चांगला आहे' या वाक्याचा व्यवहारातील अर्थ 'मी खेळवितो, तुम्ही या' असा होतो. म्हणून सुचविणाऱ्याला खेळाबरोबर माणसांचाही विचार करावा लागतो : कोणाला दीर्घ कथा झेपेल, कोण नियमांनी कंटाळेल, कोणाला परक्या भाषेत पात्राच्या तोंडून बोलताना संकोच वाटेल. श्रोत्यांचा अधिकार पाहून आख्यान निवडणाऱ्या कीर्तनकाराची ही जुनी जबाबदारी आहे.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फियास्को' (२००९) आणि त्यासारखे काही खेळ खेळविणाऱ्याशिवाय चालतात. परंतु तेथेही प्रसंग मांडण्याचे काम नाहीसे झालेले नाही. ते आळीपाळीने सर्वांकडे येते. शिवाय असा खेळ नव्या मंडळींत प्रथम मांडताना, तो पूर्वी खेळलेल्या एखाद्याने सोबत असणे उपकारकच ठरते. खेळविणे हे पद नसून कार्य आहे, एवढेच या उदाहरणांनी सिद्ध होते.

लीळा आणि संहिता

प्रयोग आधी आणि संहिता नंतर, हा क्रम मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'लीळाचरित्रा'चे नावच क्रीडावाचक आहे. चक्रधरांच्या पश्चात इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ग्रंथ सिद्ध केला. महानुभाव परंपरेप्रमाणे मूळ प्रत दिल्लीच्या खिलजी सैन्याच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांच्या स्मरणातून संहिता पुन्हा उभ्या राहिल्या. स्मरणातील भिन्नता 'वासना' या संज्ञेखाली नोंदली गेली. तिला दोष मानून पुसून टाकले गेले नाही.

लीळाचरित्र हा खेळाचा ग्रंथ नव्हे, आणि चक्रधरांच्या लीळा व मित्रमंडळींची करमणूक यांना एका पातळीवर ठेवण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते संहितेच्या घडणीत. ग्रंथ नष्ट झाला तरी तो पुन्हा उभा राहू शकला, कारण सांगणारे जिवंत होते. आनंदाच्या गालिच्याच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले : ग्रंथ उरला, आणि त्यावरून खेळाची केवळ कल्पना करता येते. मोक्षपट या दोहोंच्या मधल्या अवस्थेत आहे. पट उरले आहेत, नियम पुष्कळसे कळतात, निरूपण मात्र हरवले आहे.

मराठीपुढील प्रश्न

१९७४ साली छापला गेलेला खेळ आज भारतातील शहरांत तरुण मित्रमंडळींमध्ये खेळला जातो. भारतीय लेखकही त्याच्या साहित्यात भर घालू लागले आहेत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी २०२२ साली काढलेल्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात कोलकात्यात जन्मलेल्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्या आणि लोककथा यांच्या आधारे 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' हे आख्यान रचले. तथापि ते इंग्रजीत आहे.

भाषांतराच्या आड येणारी कायदेशीर अडचणही आता राहिलेली नाही. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला. मूळ कर्त्यांचा उल्लेख करून तो कोणालाही, कोणत्याही भाषेत आणता येतो. मराठीत तो आणणे हे उपयुक्त काम होईल, पण वरील इतिहास पाहता तेवढ्याने खेळ मराठीत येणार नाही. नियम मराठीत आले आणि मेजाजवळ बसून 'आता तुझ्यासमोर दोन वाटा आहेत, काय करतोस?' असे मराठीत विचारणारा कोणी नसला, तर ते भाषांतर ग्रंथालयात पडून राहील. उलट असा एक जण असेल तर इंग्रजी नियमांवरही मराठी खेळ उभा राहू शकेल, आणि त्याच्या मेजावर बसलेल्यांपैकी एखादा पुढे स्वतः खेळवू लागेल.

संशोधनाच्या बाजूने याहून तातडीचे एक काम आहे. मोक्षपटांची नोंद संग्रहालयांत चित्रवस्तू म्हणून आणि हस्तलिखितसंग्रहांत किरकोळ कागद म्हणून होत आली आहे. घरांची संख्या, मापे, रंग आणि काळ यांच्या जोडीने प्रत्येक पटावरील मराठी मजकूर पूर्णपणे उतरवून घेणे, घरांच्या नावांतील पाठभेद एकत्र मांडणे, आणि ज्या कुटुंबांत पट खेळला गेल्याची आठवण शिल्लक असेल तेथील वृद्धांकडून तो खेळविताना काय म्हटले जाई हे टिपून घेणे, ही तिन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत. पहिली दोन उशिरानेही करता येतील. तिसऱ्यासाठी मात्र म्हाइंभटांप्रमाणे ज्यांना आठवते त्यांच्यापर्यंत वेळेत पोचावे लागेल.